पंधरा वर्षांचा पुरावा

मुलांनो,

बारावीचा निकाल लागला की तुमच्या ताई-दादांची कशी धावपळ सुरू होते, ते तुम्ही पाहिलंच असेल. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि त्या सगळ्यांत भारदस्त नावाचा एक कागद, 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. घरोघरी त्याला नुसतं 'डोमिसाईल' म्हणतात. झेरॉक्सच्या दुकानापुढं तर पाय ठेवायला जागा नसते!

यंदा मीही त्या रांगेत होतो. मी साताऱ्यात राहतो आणि माझी बहीण सांगली जिल्ह्यात, विट्याजवळच्या एका गावात. तिची मुलगी म्हणजे माझी भाची. तिला अभियांत्रिकीला जायचंय. तिचे बाबा कामासाठी दूर कोइमतूरला असतात. मग आली मामाची पाळी! एसटीनं विटा गाठलं आणि भाचीला घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभा राहिलो.

आता विट्याच्या मुलीचे बाबा कोइमतूरला कसे, असं तुम्ही विचाराल. सांगली जिल्ह्यातल्या मुलांना मात्र हे सांगावं लागणार नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातले माण, खटाव हे पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसलेले तालुके. शेतात पिकेना म्हणून इथली माणसं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायचं काम शिकली. सराफाच्या दुकानातला केर, जुने मोडके दागिने, घासकाम करताना उडालेला बारीक कीस, या सगळ्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. यालाच 'गलाई' म्हणतात. आज काश्मीरपासून केरळपर्यंत सराफपेठांमधून हे गलाई बांधव दिसतात. घरात मराठी, दुकानात तमिळ नाहीतर मल्याळम किंवा बंगाली आणि जत्रेला मात्र न चुकता गावाकडं!

माझी भाची जन्मली कोइमतूरला. दोन वर्षांची झाल्यावर आई तिला घेऊन गावी आली, आज्जीपाशी. तेव्हापासून ती इथंच वाढली. मराठी शाळेत शिकली, कबड्डीत तालुक्याला खेळली.

खिडकीतल्या भाऊसाहेबांनी कागद चाळले आणि विचारलं,

"जन्म तमिळनाडूतला दिसतोय. महाराष्ट्रात कधीपासून आहे ही?"

"दोन वर्षांची होती तेव्हापासून. आता सतरा पूर्ण," मी म्हणालो.

"म्हणजे पंधरा वर्षं. नियमाला बरोबर पंधराच लागतात. पण शाळेच्या दाखल्यावर पहिलीचा प्रवेश सहाव्या वर्षीचा आहे. तिथून आजपर्यंत अकरा वर्षं झाली. आधीच्या चार वर्षांचं काय?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. चार वर्षं ती गावात होती, हे सगळ्या गावाला ठाऊक. शेजारच्या काकूंच्या मांडीवर ती खेळली, मारुतीच्या पायरीवरून पडून तिचा दात तुटला. पण भाऊसाहेब काही वाईट वागत नव्हते. त्यांना तुटलेला दात फाईलला लावता येत नाही, एवढीच त्यांची अडचण होती.

घरी येऊन शोधाशोध सुरू झाली. ट्रंक, फडताळ, देवाच्या फळीवरचा डबा, सगळं पालथं घातलं. शेवटी आज्जीनं गादीखालून एक पिशवी काढली. त्यात विजेची बिलं, पोथीतलं पिंपळाचं पान आणि एक चुरगळलेलं कार्ड होतं. भाचीच्या लसीकरणाचं! त्यावर गावच्या आरोग्य केंद्राचा शिक्का होता. मुलांना पाच वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात ना, त्याच्या तारखा एकाखाली एक लिहिलेल्या. अंगणवाडीच्या ताईंनी आपलं जुनं रजिस्टर काढून दाखला दिला. रेशनकार्डावर नाव कधी चढलं तेही सापडलं. त्या आधारावर तलाठ्यांनी रहिवासाचा दाखला दिला आणि काही दिवसांनी डोमिसाईल हातात आलं.

"त्या डोससाठी किती भोकाड पसरलं होतंस गं!" आज्जी म्हणाली. "आता तेच कामाला आलं बघ."

इथवरची गोष्ट गोड झाली. पण ती इथं संपत नाही.

त्याच रात्री फोन आला न्यू जर्सीहून, भाचीच्या चुलत बहिणीचा. तिचे बाबा सांगलीत इंजिनियर झाले आणि संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेले. ही तेव्हा तीन वर्षांची होती. आज ती वीस वर्षांची आहे, म्हणजे तिला तिथं सतरा वर्षं झाली. माझ्या भाचीपेक्षा दोन जास्तच! बालवाडीपासून कॉलेजपर्यंत सगळं शिक्षण तिथलं. मराठी बोलते, पण अडखळत. वाचता येत नाही. आणि येत्या डिसेंबरात तिला एकवीस वर्षं पूर्ण होतील, त्या दिवशी तिचा तिथं राहायचा परवाना संपणार आहे.

आपल्या घरी वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारतात. तिच्या घरी तो दिवस जवळ येतोय म्हणून कुणाला जेवण गोड लागत नाही.

असं का? नीट समजून घेऊ या.

अमेरिकेत बाहेरच्या देशातून नोकरीला आलेल्या माणसाला 'एच-१बी' नावाचा परवाना मिळतो. त्याच्या बायकोला आणि मुलांना त्याला जोडून 'एच-४' मिळतो. मात्र मूल एकवीस वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी ते मूल राहत नाही. वडिलांच्या परवान्याच्या छत्रीतून त्याला बाहेर यावं लागतं.

तुम्ही म्हणाल, सतरा वर्षांत वडिलांनी कायमचा परवाना का नाही घेतला? त्याला तिथं 'ग्रीन कार्ड' म्हणतात. अर्ज केलेलाच आहे. पण आता पाटी-पेन्सिल घ्या. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देतात. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत, असा नियम आहे. करा गुणाकार. उत्तर येतं ९,८००. त्यातच बायका-मुलंही मोजायची. इतर देशांच्या वाट्याची उरली तर थोडी जास्त मिळतात, एवढंच. चिमुकल्या आइसलंडला हीच मर्यादा आणि शंभर कोटींहून मोठ्या भारतालाही हीच! अर्ज करणारे भारतीय मात्र लाखांनी. म्हणून रांग पुढं सरकता सरकत नाही. मुलं मोठी होतात, रांग तिथंच राहते.

२००२ साली तिथं या मुलांसाठी एक कायदा झाला. सरकारी कचेरीत अर्ज तपासायला जो वेळ लागतो, तेवढा मुलाच्या वयातून वजा करायचा, असं तो सांगतो. पण अर्ज मंजूर झाल्यावर रांगेत उभं राहण्यात गेलेली वर्षं वजा होत नाहीत. आणि खरा वेळ तर त्यातच जातो!

मग आता या मुलीनं करायचं काय? एक वाट म्हणजे परदेशी विद्यार्थिनी म्हणून नवा परवाना घ्यायचा. ती जिथं वाढली, त्याच देशात परदेशी पाहुणी! फी अनेक ठिकाणी बाहेरच्यांची, म्हणजे जास्त. शिवाय त्या परवान्यासाठी दाखवावं लागतं की शिक्षण संपल्यावर मी माझ्या देशी परत जाणार आहे, तिकडं माझं घर आहे. 'माझ्या देशी' म्हणजे कुठं? तर सांगलीला. तिथं ती आजवर चार वेळा आलीय, तीही सुट्टीत.

तिचा धाकटा भाऊ मात्र २०१० साली तिथंच जन्मला. त्या देशात जन्मलेल्याला नागरिकत्व, असं तिथल्या राज्यघटनेत १८६८ पासून लिहिलेलं आहे. म्हणून तो अमेरिकेचा नागरिक झाला. एका ताटात जेवणारी दोन भावंडं. एकाला देश जन्मानं मिळाला, दुसरी सतरा वर्षं राहूनही रांगेत.

अशी मुलं एकदोन नाहीत. दीप पटेल नावाचा असाच एक तरुण. लहानपणी आई-वडिलांबरोबर अमेरिकेत गेलेला. त्यानं २०१७ मध्ये 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही संघटना सुरू केली. अशी अडीच लाखांच्या आसपास मुलं तिथं आहेत, असं ही संघटना सांगते. त्यांतली बरीचशी भारतीय घरांतली. त्यांच्या खटपटीनंतर २०२१ मध्ये तिथल्या संसदेत एक विधेयक आलं. लहानपणापासून कायदेशीरपणे राहिलेल्या, तिथंच शिकलेल्या तरुणांना कायमचा परवाना द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. २०२३ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. पण मांडणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं.

यात आणखी एक गंमत आहे, पण हसू येणारी नाही. १५ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सरकारनं एक योजना जाहीर केली. वयाच्या सोळाव्या वर्षाआधी त्या देशात आलेल्या, २००७ पासून सलग राहिलेल्या आणि शिकलेल्या, पण ज्यांच्याकडं कागदच नाहीत अशा तरुणांना हाकलायचं नाही, दोन दोन वर्षांसाठी कामाची परवानगी द्यायची. आठ लाखांहून जास्त तरुणांना तिचा आधार मिळाला. पुढं ती कोर्टकचेऱ्यांत अडकली आणि २०२१ च्या एका निकालानंतर नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. पण या योजनेत एक अट होती. त्या दिवशी तुमच्याकडं वैध परवाना असता कामा नये! म्हणजे ज्यांच्या आई-वडिलांनी सगळे नियम पाळले, त्यांची मुलं त्यातून बाहेर राहिली. कायदा लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं की त्याला तसंच हवं होतं, कोण जाणे. मुलांना मात्र दोन्हीकडून भिंतच.

सगळीकडं असंच आहे का? नाही. काही ठिकाणी राहिलेली वर्षं मोजतात. इंग्लंडचं पाहा. तिथं जन्मून पहिली दहा वर्षं तिथंच राहिलेल्या मुलाला, आई-वडील कुणीही असोत, नागरिक म्हणून नाव नोंदवायचा हक्क १९८१ च्या कायद्यानं दिला. आणि २०२२ च्या नियमावलीत आणखी एक वाट लिहिली गेली. वय १८ ते २४ असेल आणि आयुष्याची निदान अर्धी वर्षं सलग त्या देशात गेली असतील, तर राहायच्या परवानगीसाठी अर्ज करता येईल.

चला, यावर एक गणित. समजा एक मुलगा आठव्या वर्षी तिथं गेला. अठराव्या वर्षी त्याची दहा वर्षं झाली. अठराच्या निम्मे नऊ. म्हणजे जमलं! दुसरा दहाव्या वर्षी गेला. अठराव्या वर्षी आठच वर्षं झाली. नाही जमलं. त्यानं विसाव्या वर्षापर्यंत थांबायचं. बारा वर्षांचा असताना गेलेल्याला थेट चोविसाव्या वाढदिवसाची वाट पाहावी लागेल. आणि पंधराव्या वर्षी गेलेल्याला? त्याला पंचविशीच्या आत ही वाट मिळणारच नाही. करून पाहा.

आणि तिथंही तोच प्रश्न येतो, आमच्या खिडकीवर आला होता तोच. राहिलास म्हणतोस, पुरावा काय? मग शाळेची पत्रं, दवाखान्याच्या नोंदी, एकेका वर्षाचा कागद. कुणाची तरी आज्जी तिथंही गादीखाली शोधत असेल!

आता कुणी म्हणेल, "मामा, अमेरिकेचे नियम वाईट, आपले चांगले." थांबा. घाई करू नका.

एक तर माझ्या भाचीला मिळालं ते नागरिकत्व नव्हे. ती जन्मानं भारताचीच. कोइमतूर काय नि विटा काय, देश एकच. १९८४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रदीप जैन खटल्यात स्पष्ट म्हटलं की अधिवास असतो तो भारताचा, राज्याचा वेगळा अधिवास अशी गोष्ट नाही. राज्यं प्रवेशासाठी मोजतात तो खरं तर रहिवास. म्हणून डोमिसाईल चुकलं असतं, तर भाचीची महाराष्ट्राच्या कोट्यातली संधी अडली असती. तिला देश सोडा असं कुणी म्हटलं नसतं. साताऱ्याजवळ अपशिंगे हे गाव आहे. घराघरातून माणसं सैन्यात गेली म्हणून त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. जवानांची मुलं कधी जम्मूला शिकतात, कधी आसामात. तरी त्यांना गावी परतायला परवाना लागत नाही.

दुसरं म्हणजे, आपल्याही घरात काही मुलं रांगेत आहेत. थंडी पडली की मोठ्या गावांत स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात, पाहिलेत ना? १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे. तिथली मुलं इथंच जन्मली, हिंदी-मराठी बोलतात. ती भारताची नागरिक आहेत का?

ते जन्मतारखेवर ठरतं. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेलं मूल, आई-वडील कुणीही असोत, जन्मानं नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याच्या आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला. एक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा आलेला नसावा. नामग्याल डोलकर नावाची तिबेटी तरुणी १९८६ साली हिमाचलात कांगडा इथं जन्मली. तिला पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा ती न्यायालयात गेली. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला की ती जन्मानं भारतीयच आहे. पण तीच जर दोन वर्षांनी उशिरा जन्मली असती तर? तर तिला दर काही वर्षांनी परकीय म्हणून आपला नोंदणी दाखला नवा करत बसावं लागलं असतं. परकीयाला नागरिक होण्यासाठी आपल्याकडं अर्जाची वाट आहे. साधारण बारा वर्षांचा वैध रहिवास आणि इतर अटी. पण लहानपणापासून इथंच वाढलेल्यासाठी म्हणून वेगळी सोपी वाट नाही.

सांगायचा मुद्दा असा की प्रत्येक देशाला दारं असतात, खिडक्या असतात, नियम असतात. ते असावेतच. घरात कोण आलं, हे घराला कळायला नको का? पण दारातून कडेवर बसून आलेल्या पोरानं काही अर्ज केलेला नसतो. ते आलं आईच्या कडेवरून आणि वाढलं अंगणात. त्याची वर्षं मोजायची की नाही, हा प्रश्न मोठ्यांनी सोडवायचा आहे. आणि तुम्ही थोड्याच वर्षांत मोठे होणार आहात. म्हणून तुम्हाला सांगतोय.

न्यू जर्सीच्या त्या फोनवर आज्जीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ये की गं हिकडं. घर हाय, दार हाय. कशापायी रडतीस?"

पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग ती अडखळत म्हणाली, "आज्जी, तुझं घर माझंच आहे. पण माझ्या मैत्रिणी, माझं कॉलेज, आई-बाबा, भाऊ, सगळं इथं आहे. मी तिकडं आले तर मला रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा वाचता येणार नाहीत."

आज्जीनं फोन भाचीकडं दिला. दोघी बहिणी बराच वेळ बोलत होत्या. भाचीनं तिला दर रविवारी फोनवरून बाराखडी शिकवायचं कबूल केलंय. परत यायची तयारी म्हणून नव्हे, बरं का. यायचं झालं तर पाट्या वाचता याव्यात आणि नाही झालं तरी आज्जीचं पत्र वाचता यावं म्हणून. तिकडं तिनं विद्यार्थिनीच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. डिसेंबरच्या आत उत्तर यायला हवं. आम्ही सगळे वाट पाहतोय.

आता तुमच्यासाठी दोन कामं.

पहिलं काम घरातलं. तुमचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, जुन्या शाळेचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, सगळं एका पिशवीत घाला. नावाची आणि जन्मतारखेची अक्षरं सगळीकडं सारखी आहेत का, तपासा. फरक असेल तर आत्ताच आई-बाबांना सांगा. बारावीनंतर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

दुसरं काम वर्गातलं. तुमच्या वर्गात बाहेरून आलेलं कुणी असेलच. उसाच्या फडावर आलेल्या बीडकडच्या टोळीतलं, सांगलीच्या कुपवाडमध्ये कारखान्यात कामाला आलेल्या बिहारी काकांचं, नाहीतर बदली होऊन आलेल्या साहेबांचं. त्याला विचारा, "तू इथं किती वर्षांचा असताना आलास?" आणि त्याचं ऐका. त्याला काही दाखला द्यायचा अधिकार तुमच्याकडं नाही. पण त्याची वर्षं मोजायचा अधिकार तुमच्याकडं आहे, आणि त्यासाठी खिडकीवर रांग लावावी लागत नाही.

काय सांगितलं त्यानं, ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
मामा